अहवालातलं कुंकू

ती हार्डडिस्क तुम्ही काढून नेलीत, साहेब. चोरली म्हणा, हलवली म्हणा, ताब्यात घेतली म्हणा. शब्द तुमचा तुम्ही निवडा, सरकारी खात्यात शब्दांना कधी तोटा नव्हता. पण दसऱ्यानंतरच्या त्या सोमवारी नगरपरिषदेच्या संगणक खोलीत मी ज्या मशिनचा डबा उघडला, त्यात मी बसवलेली डिस्क नव्हती.

तुमचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नावावरून भांडत बसतात आणि डिस्क राहते बाजूला. तुम्ही आमच्या नगरपरिषदेचे मुख्याधिकारी होता, तेव्हा साहेब म्हणत होतो, आताही साहेबच म्हणतो.

खोलीत आपण चौघं होतो. तुम्ही. हेडक्लार्क नलवडे भाऊसाहेब. मी, धनाजी, बाजारातल्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या विमलताई बोडरे, त्या मशिनवर काम करणाऱ्या, कंत्राटी. सकाळी त्यांनी बटण दाबलं तर मशिन मढ्यासारखं गप्प. म्हणून मला बोलावणं आलं होतं.

मी झाकण उचललं आणि तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून ओरडलात, "कुंकू! बघितलंत नलवडे? आत कुंकू!"

"व्हय साहेब," नलवडे म्हणाले.

"या बायकांचं काय सांगावं! दिसेल त्याला कुंकू. उद्या झेरॉक्स मशिनची ओटी भरतील!"

तुम्ही हसलात. दुसरं कुणी हसलं नाही. नलवडे भाऊसाहेबांनी रुमाल काढून मान पुसली. मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाकडं बघत बसलो. विमलताई चौकटीतनं हलल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका होता, तेवढाच. तुम्हाला वाटलं, गुन्हा कबूल आहे म्हणून बाई गप्प आहे. आम्ही तिघं का गप्प बसलो ते तुम्हाला त्या दिवशी कळलं नाही. अजूनही कळलं नसेल.

माझ्या धंद्याची एक सवय आधी सांगतो. मी कुठलंही मशिन जोडून दिलं की मागच्या एका स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकतो. जांभळा. बायकोची बाटली. दुसऱ्या कुणी डबा उघडला की तो थेंब तडकतो, मग गिऱ्हाईक कितीही शपथा घेऊ दे. आणि डिस्कच्या चिठ्ठीवर मार्करनं सही आणि तारीख टाकतो. दहावी नापास माणूस आहे मी, रेडिओ उघडत उघडत कॉम्प्युटरपर्यंत आलो. सर्टिफिकेट नाही, मग सही तरी दिसू दे कुठंतरी.

त्या सोमवारी थेंब तडकलेला होता.

आत काय होतं ते ऐका. आडवा डबा होता तो, वर मॉनिटर ठेवायचा तसला. बोर्डावर, पंख्याच्या पात्यांवर, चिमटीनं नाही, मुठीनं ओतल्यासारखा कुंकवाचा ढीग. नीट, टोकदार. आता डोकं असलेल्या कुणालाही विचारा. पूजेला लावलेलं कुंकू फटीतनं आत गेलं तर रेघ पडेल, धूळ पडेल, ढीग पडणार नाही. पंखा एकदा जरी फिरला असता तर सगळा डबा आतनं लाल झाला असता. म्हणजे मशिन बंद पडलं कुंकवानं नाही. आधी आतली वायर काढली गेली, मग कुंकू ओतलं. वायर निघालेली मला समोर दिसत होती. आणि डिस्कच्या जागी होती एक जुनी, गंजक्या कडांची, चार जीबीची. मी चाळीसची बसवली होती. सही नाही, तारीख नाही.

तुम्ही म्हणालात, "शॉर्टसर्किट होऊन डिस्क जळाली. बरोबर ना?"

मी म्हणालो, "बघावं लागंल साहेब."

हे माझं पहिलं शेपूट घालणं. मोजत राहा.

त्या चाळीसच्या डिस्कवर काय होतं ते तुम्हाला माहीत होतं, पण वाचणाऱ्यांना सांगायला पाहिजे. ओढ्याकाठच्या वस्तीची यादी. तीनशे सोळा घरं. कोण कधीपासून राहतं, लाइटचं बिल कुणाच्या नावावर, नळ कधी मिळाला. विमलताई आठ महिने दारोदार फिरल्या, फॉर्म भरले आणि एकटीनं सगळे टाइप केले. त्या माझ्याच टायपिंगच्या वर्गात शिकलेल्या. वस्ती हलवायची झाली तर या यादीत नाव असेल त्याला पक्की जागा मिळणार होती. यादी राहिली तर माणसं राहणार, इतकं ते सरळ होतं. दोनशे सातवं घर विमलताईंचं स्वतःचं.

आणि कागदी फॉर्म? ते ऑगस्टमध्येच रद्दीत गेले. "सगळं आता संगणकावर आहे, कपाटं मोकळी करा," असा तुमचा हुकूम. त्या हुकमाचं कौतुक कुणी केलं? मीच. गावच्या साप्ताहिकात मी तेव्हा 'डबा आणि डोकं' नावाचं सदर लिहायचो. कुठला मॉनिटर डोळे खातो, कुठला प्रिंटर शाई पितो, फ्लॉपी आता कशी चुलीत घालायच्या लायकीची आहे. त्यात मी लिहिलं, कागद मेला, नगरपरिषदेला अक्कल आली. तुम्ही ते कात्रण काचेखाली ठेवलं होतं. मला मोठा अभिमान वाटला होता.

विमलताई मात्र मशिनवर माझ्याएवढा विश्वास ठेवत नव्हत्या. दसऱ्याच्या आदल्या शुक्रवारी दुपारी त्या माझ्या गाळ्यात आल्या.

"सर, त्या यादीची सीडी करून द्या की."

मी मान वर केली नाही. पुण्याहून नवं ग्राफिक्स कार्ड आलं होतं आणि त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला होता. डांबर ओलं झालं की त्यात दिव्यांचं प्रतिबिंब दिसायचं. असलं काही मी जन्मात बघितलं नव्हतं. तिसरी फेरी चालू होती.

"सोमवारी ताई. राइटर घेऊन येतो."

"आजच जमलं तर बरं व्हतं."

"उद्या खंडेनवमी. हत्यार पुजायचं असतं, चालवायचं नसतं."

"तुम्ही तर चालवताय की!"

"हा खेळ आहे हो."

त्या हसल्या नाहीत. पदर सारखा करत म्हणाल्या, "साहेब काल विचारत हुते, यादी कुठल्या मशिनवर हाय. आठ महिन्यांत कधी विचारलं न्हाई, सर. म्हणून आपलं..."

"चौकशी करतायत म्हणजे काम आवडलं असंल तुमचं."

"तसं असंल," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी नक्की?"

"नक्की."

माझी गाडी वळणावर आपटली. मी त्यांच्यावरच चिडलो. त्या उन्हात परत गेल्या आणि मी चौथी फेरी लावली. सीडी करायला वीस मिनिटं लागली असती.

शनिवारी दुपारी कार्यालयात पूजा झाली. मी प्रसादाला होतो म्हणून सांगतो. नलवडे भाऊसाहेबांनी पाचही मशिनना एकेक बोट कुंकू लावलं, पुढच्या बाजूला, मधोमध. झेंडूचे हार घातले. आणि आपल्याकडं रीतच आहे, त्या दिवशी किल्ल्याही पूजेला ठेवतात. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या तबकात घालून तुमच्या केबिनमध्ये पाटावर गेल्या. संगणक खोलीची विमलताईंकडची किल्लीसुद्धा. सोमवारी सकाळपर्यंत त्या तिथंच. मधल्या काळात हत्यारांना कुणी हात लावत नाही, गावातलं पोरसुद्धा लावत नाही. तुम्ही बाहेरगावचे, पण एवढी रीत तुम्हाला पक्की ठाऊक होती. कार्यालय बंद, मशिन झोपलेली, किल्ल्या तुमच्या केबिनमध्ये. याहून सोय ती काय असायची?

तर सोमवारी दुपारी तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत. चहा सांगितलात.

"बस धनाजी. लेखी द्यायचं तेवढं. पूजेच्या वेळी कुंकू सांडलं, मशिन जळालं, माहिती गेली."

मी धीर केला. "साहेब, आतली डिस्क माझी न्हाई."

"म्हणजे?"

"मी चाळीसची बसवली होती. ही चारची आहे. भंगारातली."

"कागद आहे तसा?"

"डिस्कवर सही होती माझी."

"कुठल्या डिस्कवर?"

"मी बसवलेल्या."

"म्हणजे जी इथं नाही तिच्यावर." तुम्ही बशीत चहा ओतलात. "अरे, नसलेल्या वस्तूवरची सही कुणाला दाखवणार तू?"

मी चहाचा कप उचलला.

"तुझ्या गाळ्याची मुदत मार्चला संपते ना?"

"व्हय."

"बघू. काळजी करू नको. गावात तज्ज्ञ असा तूच एक. तुझ्या शब्दाला वजन आहे."

गाळा नगरपरिषदेचाच, त्याला मी भ्यालो हे खरं. पण सगळं गाळ्यावर ढकलत नाही, कारण खोटं लिहायला मी आज बसलेलो नाही. नलवडे भाऊसाहेबांनी टाइप केलेला कागद समोर आला, तेव्हा खाली माझ्या नावाशेजारी लिहिलं होतं, संगणक तज्ज्ञ. दहावीत दोनदा गटांगळी खाल्लेल्या माणसाला हे दोन शब्द काय वाटतात ते बारा बुकं शिकलेल्याला कळायचं नाही. मी ते दोन शब्द आधी वाचले. मग वरचा मजकूर.

'सौ. विमल बोडरे यांनी पूजेच्या वेळी निष्काळजीपणे यंत्रावर कुंकू वाहिल्याने...'

मी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. "भाऊसाहेब, हे?"

नलवडे केबिनच्या दाराकडं बघत हळू म्हणाले, "साहेबांनी सांगितलं तसं टाइप केलंय. माझी दोन वर्सं राहिल्यात धनाजी. सही कर."

मी केली. ठळक, मराठीत, खाली तारीख. डिस्कवर करतो तशीच.

मंगळवारी संध्याकाळी विमलताई गाळ्यात आल्या. हातात कामावरून काढल्याची नोटीस आणि तिला जोडलेली माझ्या अहवालाची प्रत. गाळ्यात एक गिऱ्हाईक होतं, मोबाइलला रिंगटोन भरून घेत होतं. त्या ते जाईपर्यंत थांबल्या. मग कागद काउंटरवर ठेवला.

"सर, हे तुम्ही लिवलं?"

"टाइप त्यांनी केलं, ताई."

"सही कुणाची?"

मी उगाचच एक मदरबोर्ड पुसायला घेतला.

"माझ्याकडं बघा. न्हाई, मशिनकडं न्हाई. माझ्याकडं."

मी बघितलं.

"मालक जाऊन नऊ वर्सं झाली. नऊ वर्सांत या गावात मला कुणी कुंकवाच्या करंड्याला हात लावू दिला न्हाई. संक्रांतीला शेजारीण माझं दार सोडून फुडं जाती. परवा पूजेला हार मी ओवलं, पाचीच्या पाची. भाऊसाहेबांनी हार घेतलं माझ्या हातनं. तबक धराया फुडं झाले तर म्हणले, तुम्ही ऱ्हावा तिथंच. मी दारातनं बघितली पूजा. तुम्ही हुता की! परसाद खात हुता."

"होतो, ताई."

"मग मी कुठनं आणलं कुंकू? घरात न्हाई, अंगावर न्हाई. कुणी दिलं मला?"

बाहेर बाजार चालू होता, भाजीवाली ओरडत होती. फोन, मशिन, खेळ, असं एकही यंत्र नाही ज्याच्यावर मी मत ठोकून दिलेलं नाही. त्या बाईच्या साध्या प्रश्नावर मी परत मदरबोर्डकडं बघायला लागलो.

त्यांनी कागदावर बोट आपटलं. "वाचा की. सौ. लिवलंय. नऊ वर्सांनी मला कुंकू दिलं ते ह्या कागदानं."

"ताई, माझा गाळा..."

"गाळा ऱ्हाऊ दे तुमचा. मी गाळा मागाया आले न्हाई. खरं लिवून द्या, एवढंच. मला कामावर घ्या म्हणून न्हाई. तीनशे सोळा घरं हाईत, सर. त्यांना वाटंल, बाईनं कुंकू सांडलं म्हणून आपली घरं गेली. तोंड कसं दाखवू?"

"लेखी दिलेलं परत कसं घेऊ?"

सही हे दुसरं शेपूट होतं, हे तिसरं. आणि शेवटचं, कारण त्यानंतर घालायला काही उरलं नव्हतं.

त्यांनी कागद उचलला. नीट घडी घातली. "वर्गात तुम्हीच शिकवलं हुतं," त्या म्हणाल्या. "मशिन खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतं. मी वहीत लिवून ठेवलंय. बघायचं असंल तर या कधी."

त्यांनी स्वतःच्या हातानं अर्ज लिहून तुम्हाला दिला. त्यात सगळं होतं, किल्लीचं, हारांचं, तबकाचं. तुमच्या आवक नोंदवहीत त्याचा नंबर पडला. उत्तर पडलं नाही. फेब्रुवारीत ओढ्याकाठी बुलडोझर आला. लोक म्हणाले, आमची नावं यादीत आहेत. तुम्ही म्हणालात, यादी दाखवा. लोक म्हणाले, तुमच्याकडंच आहे. तुम्ही माझा अहवाल दाखवलात, संगणक तज्ज्ञाचा. दोन दिवसांत तीनशे सोळा घरांचं सपाट मैदान झालं. पुढं त्यावर दुमजली बाजार उठला. बायका विमलताईंच्या दारात येऊन शिव्या देत होत्या, तेही दार पडायच्या आदल्या दिवशी. मार्चमध्ये माझ्या गाळ्याची मुदत वाढली.

आता मी यूट्यूबवर बोलतो. पस्तीस हजार लोक ऐकतात. लोक म्हणतात, धनाजी कुणाच्या बापाला भीत नाही. घडीचा फोन म्हणजे बिजागरी लावलेला मूर्खपणा आहे, मी सांगतो. घड्याळ तुम्हाला उठा आणि चाला म्हणतं, घरात आई म्हणत होती तेव्हा ऐकलं नाहीत, असंही सांगतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाखाली कॅमेऱ्यात चेहरा गोरा करून विकतात, त्यांनाही शिव्या घालतो. कंपन्यांना शिव्या घालायला काय लागतं? कंपनी माझा गाळा काढून घेत नाही. धाडस करायची वेळ एकदाच आली होती. तेव्हा मी चहा प्यायलो.

गेल्या महिन्यात तुम्ही आमच्या गावच्या कॉलेजात आला होता. निवृत्त झालात, सल्लागार झालात. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तुम्ही माइकवर म्हणालात, "तंत्रज्ञानाचा फायदा काय, तर नोंद राहते. नोंद कधी मरत नाही." टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचा पोरगा व्हिडिओ काढत होता. मी उठून बाहेर आलो, गाडीला किक मारली आणि तडक मिरजेला गेलो.

विमलताई तिथं बहिणीच्या शेजारी राहतात. शाळेत पोरांचा भात शिजवतात. केस पांढरे झालेत, गोंदण तसंच आहे. त्यांनी मला ओळखलं. पाणी दिलं. बसा म्हणाल्या नाहीत.

"ताई, साहेब आले होते गावात."

"मग?"

"मी लिहिणार आहे सगळं."

"आता?" त्या भाताच्या पातेल्याकडं वळल्या. डाव फिरवला. "लिवा. पर माझ्यासाठी न्हाई. वस्तीतली निम्मी माणसं आजून समजत्यात, मी कुंकू सांडलं. त्यांच्यासाठी लिवा."

"आणखी काही?"

"साहेबांना एक विचारा. मी आठ म्हैनं रोज सकाळी त्यांच्या टेबलाफुडनं जात हुते. नमस्कार करत हुते. एकदा तरी मान वर करून माझ्या तोंडाकडं बघितलं असतं, तर कुंकवाच्या जागी दुसरं काहीतरी वतलं असतं त्यांनी. चहा वतला असता. माझ्यावर खपलाबी असता. एवढं सुदिक का बघितलं न्हाई, ते विचारा."

तर विचारतो, साहेब.

बाई म्हटल्यावर कुंकू असणारच, एवढ्या हिशेबावर तुम्ही आख्खी वस्ती उठवलीत. खोलीतल्या आम्हा दोघांना दिसत होतं ते कपाळ. दोघांनीही तोंड बंद ठेवलं. त्यातल्या नलवडे भाऊसाहेबांना आता विचारता येत नाही, ते गेले. दुसरा मी. माझा अहवाल खोटा होता. मशिनमध्ये कुंकू ओतलेलं होतं, सांडलेलं नव्हतं. डिस्क जळालेली नव्हती, बदललेली होती. हे आज मी लेखी देतो, खाली सही करतो, आणि माझ्यावर काय करायचं ते खुशाल करा.

चाळीस जीबीची डिस्क, चिठ्ठीवर निळ्या मार्करनं माझी सही. ती कुठे आहे? किल्ल्या पाटावर असताना संगणक खोलीचं कुलूप कुणी उघडलं? आणि रोज नमस्कार करणाऱ्या बाईच्या तोंडाकडं तुम्ही एकदाही का बघितलं नाही?

तोंडी नको. माइकवर नको. तुम्ही मागितलंत तेव्हा मी तासाभरात लेखी दिलं होतं. आता मी मागतोय.

लेखी द्या.